टाच

मुठीत काही नसतं, मिंगेल मेस्त म्हणायचा,
मूठ म्हणजे नुसती पोस्टमन.
पत्र खालून येतं.
खालून म्हणजे कुठून, विचारलं
तर वाकून स्वतःच्या उजव्या टाचेवर टिचकी मारायचा.

वास्कोत, खारीवाड्यामागे, बर्फाच्या बंद कारखान्यात
आमचा आखाडा. आखाडा कसला,
एक लोखंडी तुळई, तिला टांगलेलं ट्रॉलरचं फाटकं जाळं,
आत कोंबलेला भुसा, जुने कपडे,
कुणाची तरी शाळेची पँट, बटणासकट.
त्या बटणाने माझी दोन बोटं सोलली.

मी तेव्हा बांगड्यांचे क्रेट उचलायचो
जेटीपासून टेम्पोपर्यंत.
माझ्या ठोशाने पोतं पार भिंतीला जाऊन लागायचं
आणि मी मेस्ताकडे बघायचो.
तो बिडी विझवत म्हणायचा, "ढकललंस.
दार उघडायला आलायस काय रे पुता?"

मग स्वतः मारायचा. साठीचा माणूस,
शिपयार्डात वेल्डिंग करून डोळे कायमचे लाल,
हात लोंबते, दोरीवर वाळत घातल्यासारखे.
पोतं जागचं हलायचं नाही.
फक्त आवाज, ओला टॉवेल झटकल्याचा,
आणि पोतं मधोमध दुमडायचं
पोटात कळ आल्यागत.
हात तोवर परत हनुवटीशी.
जाताना मी तो एकदाही पाहिला नाही,
आलेलाच पाहिला.

"मूठ आवळून निघू नको. घरून निघतानाच कुणी भांडतं?
वाटेत सैल. पोचल्यावर आवळ. एवढाच वेळ."
आणि तो तापल्या तव्याला बोट लावून
काढल्यासारखं करायचा.

नाक्यावरच्या खुरसापाशी उरलेली मेणबत्तीची थोटकं आणायचा.
ज्योतीच्या चार बोटं अलीकडे थांबायचं.
जाताना ती वाकेल, वाकू दे.
विझली पाहिजे ती हात परतताना.
मी महिनाभर नुसती वाकवत राहिलो.

चिखलीच्या खाडीत मामा पाग फेकत होता.
आधी चिखलात टाच फिरली,
मग गुडघा, मग कंबर, खांदा उशिरा, आळसावल्यासारखा,
आणि हाताने शेवटी काय केलं,
बोटं सोडली, बस्स.
जाळं ताटाएवढं गोल उघडलं, मग अंगणाएवढं.
नवव्या वर्षापासून मीही हेच करत होतो,
याला बॉक्सिंग म्हणतात हे कुणी सांगितलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी मेणबत्ती विझली
असं सांगितलं तर गोष्ट छान होईल.
विझली नाही.
विझली पावणेदोन महिन्यांनी,
मी भलत्याच विचारात असताना, बहुधा उधारीच्या.

पुढे म्हापशाला, पेडेच्या हॉलमध्ये, तीन जिंकलो, एक हरलो.
मग विंचच्या दोराने घोटा धरला.
डॉक्टरांनी जोडला, चालतो,
पण टाच आता फिरत नाही.
पोत्याला मारतो तेव्हा मारतो फक्त हात.
दारात उभा पोस्टमन, पिशवी रिकामी.

मेस्त गेला. तुळई आहे.
मी उलट्या क्रेटवर बसून पॅड धरतो.
समोर रेश्मिता पागी, सोळा वर्षं, अठ्ठेचाळीस किलो,
आईबरोबर सकाळी कोळंबी सोलून आलेली,
हाताला अजून वास.
मी तिच्या पायांकडे बघत नाही.
जॅब. जॅब. उजवा.
माझ्या तळव्यात धप्प.
"टाच राहिली," मी म्हणतो.
ती दचकून खाली बघते, मग माझ्याकडे,
बघितलं कधी यांनी?

"परत."

उजवा येतो आणि गेलेलाही असतो,
तळवा झिणझिणतो कोपरापर्यंत,
वर पत्र्यावरचे कावळे उडतात,
आणि क्रेटखाली, कुणाला न दिसता,
माझा तो जोडलेला घोटा
वळायला बघतो.